तेलाचं ऐकणारे सर

आमच्या सरांना कुणाच्या लग्नाला बोलवायचं म्हणजे आधी नवरदेवाची गाडी मांडवामागं कुठंतरी नेऊन लपवावी लागायची. नाहीतर अक्षता पडेपर्यंत सर बॉनेट उघडून उभे. इंजिनातली ऑइलची पट्टी उपसायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, वास घ्यायचा, खिशातल्या टिपकागदावर एक ठिपका सोडायचा आणि मग पंगतीत नेमकं मुलीच्या बापाशेजारी बसून सांगायचं, "जावई चांगला निवडलात. गाडीत मात्र पाणी शिरलंय." तो बाप बिचारा जिलबी हातात धरून बघत बसायचा.

माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. शिरूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला हे सर आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे. तेव्हाच मी देवाला म्हटलं होतं, एवढी दोन वर्षं निभावून ने, पुन्हा ह्या माणसाचं तोंड दाखवू नकोस. देवानं काय ऐकलं कोण जाणे. लग्न होऊन दौंडला आले. पाटस रोडला आमच्या ह्यांचं गॅरेज, त्याला लागून आमचंच स्पेअर पार्टचं दुकान. मी काउंटरवर बसायला लागले, जरा कुठं रुळले, आणि सर रिटायर होऊन दौंडला वडिलांच्या घरी राहायला आले. घर कुठं? तर आमच्या गॅरेजच्या बरोब्बर समोर!

रिटायर झालेली माणसं बागेत पाणी घालतात, नातवंडं खेळवतात, पेपरात पत्रं लिहितात. सर तेलात पडले. त्याला कारण दौंड. रेल्वेचं गाव, त्यामुळे गल्लीत एक तरी रिटायर ड्रायव्हर असतोच. त्यातल्या एकानं बोलता बोलता सांगितलं, की रेल्वेचं डिझेल इंजिन उघडण्याआधी त्यातलं तेल काढून तपासतात. कुठला भाग झिजलाय, कुठं पाणी गळतंय, सगळं तेलातून कळतं. झालं. त्या दिवसापासून सर गेले ते गेलेच.

"अगं, डॉक्टर पोट फाडायच्या आधी रक्त तपासतो की नाही?" मला काउंटरपलीकडून सांगायचे. "आणि तुझा नवरा? आवाज ऐकतो नि लगेच पाना उचलतो. हा काय डॉक्टर म्हणायचा?"

आमचे हे गालातल्या गालात हसायचे. ह्यांना कुणी काही बोललं तरी राग येत नाही, त्यांच्या वाटचा राग मलाच करावा लागतो.

सरांची प्रयोगशाळा म्हणजे घराची ओसरी. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या धुऊन, वाळवून, रांगेत लावलेल्या. दोरीवर चिमटे, आणि चिमट्यांना टिपकागदाचे चौकोन टांगलेले. प्रत्येकावर तेलाचा एक ठिपका. ठिपका मधे काळाकुट्ट राहिला तर काजळी फार, बाहेर फिकट कडं पसरलं तर तेलात डिझेल उतरलंय. खिशात कायम लोहचुंबक. बाटलीच्या तळाशी चमचम दिसली की चुंबक फिरवायचं. चिकटलं तर लोखंड झिजतंय, न चिकटलं तर पितळ. एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्याच दोरीवर कुरडया वाळत घातल्या, तर सरांनी घर डोक्यावर घेतलं. नमुने दूषित झाले म्हणे! काकू म्हणाल्या, "नमुने? घरात एकच नमुना आहे, तो मी सांभाळतेय."

पण काकूंचा खरा संताप तव्यापायी. तेलात पाणी आहे का बघायला सर तापलेल्या तव्यावर थेंब टाकायचे. पाणी असलं की तो तडतडतो. हा प्रयोग सरांनी काकूंच्या पोळीच्या तव्यावर केला. पुढं आठवडाभर त्या घरात पोळीला ट्रकचा वास येत होता. शेवटी काकूंनी बाजारातून दुसरा तवा आणला, जुन्यावर तांबड्या रंगानं फुली मारली आणि तो सरांच्या अंगावर जवळजवळ फेकलाच.

आता खोटं कशाला बोलू, सरांचं निदान बरोबर निघायचं. गुरांच्या डॉक्टरांची गाडी एकदा आमच्याकडं आली, कुठं काही तक्रार नव्हती, सहज धुवायला म्हणून. सरांनी पट्टी उपसली, थेंब चोळला, म्हणाले, "कचकच लागतेय. ह्या इंजिनात धूळ जातेय." ह्यांनी हवेचा फिल्टर उघडला तर तो उंदरानं कुरतडून चाळण केलेला. अजून थोडे दिवस चालली असती तर इंजिन कामातून गेलं असतं. डॉक्टरांनी सरांचे हात धरले. सर म्हणाले, "आभार माझे नको, तेलाचे माना."

एकदा एका सरकारी कचेरीतली जीप आली. तिचं तेल बघून सरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. नितळ, मधासारखं. ड्रायव्हर खूश. सर म्हणाले, "काळं तेल म्हणजे काम करणारं तेल. हे इतकं स्वच्छ आहे, म्हणजे ही जीप कुठं जातच नाही. मग रोज डिझेल कुणाच्या घरी जातं?" तो ड्रायव्हर पुन्हा आमच्या गॅरेजकडं फिरकला नाही. गिऱ्हाईक तोडलं म्हणून मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात येणार कसं? माणसांकडं बघायचेच नाहीत ते. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा काकूंबरोबर दवाखान्यात आले, पाळण्यात डोकावले, "छान, छान" म्हणाले आणि बाहेर उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सचं बॉनेट उघडायला गेले. गॅरेजात कुणी ड्रायव्हर "सर, गाडी चढाला दम खाते, सकाळी धूर मारते" असं सांगायला लागला, की सर हात वर करायचे. "तू गप्प. माणूस खोटं बोलतो, घाबरून बोलतो, मालकाला भिऊन बोलतो. तेल खोटं बोलत नाही." ड्रायव्हर लोकांनी नाव पाडलं होतं, रक्तवाले सर. सरांना ते आवडायचं.

आता जीपवाल्याची गोष्ट सांगते, नाहीतर सर काय चीज होते ते कळायचं नाही.

वरवंडच्या पलीकडं एक वाडी आहे. तिथला एक जण वरवंड, पाटस, दौंड अशी वडापची जीप, सीटा भरून भाड्यानं, चालवायचा. आजोबापर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती, बापानं जमीन धरली आणि ह्यानं जीप घेतली. मोठा गुणी माणूस. जीपमधे सीटा भरल्या तरी म्हातारीला पुढं बसवणार, स्वतः दारात अर्धा बाहेर लटकून चालवणार. त्याची थोरली त्या साली दहावीला होती. वाडीवरच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या दहावीच्या सगळ्या पोरी, मोजून जीपभर, आणि परीक्षेचं केंद्र आलं दौंडला. वाडीला एसटी नाही. वरवंडला थांबायची ती परीक्षेच्या दिवसांत खच्चून भरून यायची, कंडक्टर हात हलवून पुढं जायचा. पोरींच्या आयाबापांनी ह्याच्यावर भरवसा टाकला. ह्यानं सगळे पेपर पोरींना नेऊन आणायचं कबूल केलं. त्यातल्या निम्म्या पोरींच्या घरी ठरलंच होतं, पास झाली तर पुढं, न्हाईतर उन्हाळ्यात हात पिवळे. म्हणून तो जरा जास्तच काळजी घेत होता.

भाषेचे पेपर झाले. दुसऱ्या दिवशी बीजगणित. आदल्या दुपारी जीपवाला आमच्याकडं आला. "वहिनी, काय झालेलं न्हाई, पर पोरी न्यायच्यात, एकदा बगून घ्या म्हनावं."

आमच्या ह्यांनी इंजिन चालू करून ऐकलं. म्हणाले, "ठणठणीत आहे."

तेवढ्यात समोरून सर आले. हातात बाटली. चेंबरचा बोल्ट सैल करून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, त्यांनी पहिल्या धारेचं तेल बाटलीत धरलं. बाटली उन्हात तिरकी केली. मग तळाचा गाळ पेट्रोलनं धुऊन टिपकागदावर घेतला. मी काउंटर सोडून बघायला गेले. कागदावर बारीक पिवळे कण. भरपूर. सरांनी चुंबक फिरवलं. एक कण हलला नाही.

"लोखंड नाही," सर म्हणाले. "पितळ आहे. पिस्टनच्या पिनेभोवतीचं पितळी कडं, बुश, झिजतंय. रस्त्यात पिस्टन अडकला तर काय होईल? आणि गाडीत कोण आहे?"

जीपवाल्याचा चेहरा उतरला. "पर सर, आवाज तर..."

"तू गप्प. तेल बोलतंय."

ह्यांनीही कागद हातात घेतला, बघितला. मीही बघितला. पिवळं धमक होतं, नाही कसं म्हणणार? हे म्हणाले, "उघडून बघू. बुश आपल्याकडं आहे, संध्याकाळपर्यंत होईल." आणि उघडलं. वर हेड उतरवलं, खाली चेंबर उतरवलं, पिस्टन बाहेर काढले. सर वाकून वाकून बघत होते, गाळ बोटांनी चोळत होते. ह्यांनी एकेक बुश पुसलं, उजेडात धरलं, पिन घालून हलवून बघितली.

चारही बुश एकदम घट्ट. झिजेचा मागमूस नाही.

"असं होणार नाही," सर म्हणाले. "पुन्हा बघ."

ह्यांनी पुन्हा बघितलं. तेच. सर उठले आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडं हात धुवायला गेले. तिथं आमची कपड्याच्या साबणाची वडी ठेवलेली असते. सरांनी हात चोळले आणि मी ओरडलेच, "अहो सर, बोट कापलं का?"

हातांवरचा फेस तांबडालाल झाला होता.

सर हाताकडं बघत राहिले. नळ चालू, पिंप भरून वाहतंय, तरी बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रक्त नाही. हळद आहे."

हळदीचा डाग साबणाला लाल होतो, हे घरात धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. आणि सरांनी? सरांनी हा प्रयोग दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात करून दाखवला होता! दरवर्षी! पण डिझेलच्या वासात हळदीचा वास कुठला येतोय, आणि इंजिनात हळद असेल असं कुणाच्या बापाच्या मनात येणार?

"इंजिनात हळद कुठून आली?" सरांनी विचारलं.

जीपवाला चहा घेऊन नुकताच आत येत होता. तो म्हणाला, "हळद न्हवं सर, भंडारा हाय. खंडोबाचा."

"कुणी टाकला?"

"म्याच की. दर बारीला ऑइल टाकलं का चिमूटभर टाकतो वरनं. जीप घेतली तवापास्नं. आज सकाळी जरा ऑइल भरलं, आन् पोरी न्यायच्यात म्हनून आज मूठभर टाकला."

दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पण जीपचं सगळं पोट जमिनीवर पसरलेलं होतं.

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?" सरांचा आवाज चढला.

"तुमी इचारलंच न्हाई," जीपवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, खरंच सांगत होता तो. "म्या बोलाय लागलो तर तुमी म्हनला गप्प, तेल बोलतंय."

सर जवळच्या टायरवर बसले. चहा तसाच हातात.

बरं, पुन्हा जोडून टाकावं, तर हेड काढताना मधलं गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पातळ अस्तर, फाटलं होतं. ते तसं फाटतंच, नवं घालावं लागतं. त्या जीपचं गॅस्केट माझ्या दुकानात नव्हतं. दौंडातल्या दुसऱ्या दोन दुकानांत नव्हतं. पुण्याहून यायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपार. दुसरी जीप बघावी, तर दुसऱ्या दिवशी लग्नाची मोठी तिथी, दौंड-वरवंडातली झाडून सगळी वाहनं वऱ्हाडांनी आधीच धरलेली. हे फोनवर फोन करत होते. जीपवाला मान खाली घालून एकच म्हणत होता, "पोरींना काय सांगू? त्यांच्या आयांना काय सांगू?"

सर उठून घरी गेले. मला वाटलं, गेले तोंड लपवून. मी रागानं काकूंना ऐकवणारही होते. पण पहाटे काकूच दारात आल्या. सर पहिल्या एसटीनं वरवंडला गेले होते. जीपवाल्याबरोबर.

सकाळी दुकान बंद ठेवून मी आणि हे परीक्षेच्या शाळेपुढं जाऊन उभे राहिलो. घंटा झाली. पेपर सुरू झाला. पोरी नाहीत. उशिरा आलेल्यांना अर्ध्या तासापर्यंत आत घेतात, पुढं नाही. गेटवर एक तरणा मास्तर घड्याळ बघत उभा. माझा जीव टांगणीला लागला. ह्यांनी त्या मास्तराला दोनदा सांगून बघितलं, "मुली येताहेत हो." मास्तर म्हणाला, "येऊ द्या, मग बघू."

मास्तरानं गेट लावलं आणि कडी घातली, तेव्हा कोपऱ्यावरून दुधाचा टेम्पो वळला. कॅनच्या मधे मधे कोंबलेल्या पोरी, हातात पॅड, वेण्या विस्कटलेल्या. आणि मागच्या फळीला धरून आमचे सर. शर्ट दुधानं भिजलेला, चष्म्यावर धूळ.

"वेळ संपली सर," मास्तर म्हणाला. त्यानं सरांना ओळखलं होतं, त्यांचाच विद्यार्थी निघाला. "नियम आहे. तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

काय बोलणार, खरंच. शिरूरला सर सुपरवायझर असले की घंटेनंतर दारातून मुंगी आत जात नसे. रडणाऱ्या पोरी मी डोळ्यांनी बघितल्यात, सर वर बघायचेसुद्धा नाहीत.

सरांनी हात जोडले. गेटच्या गजांमधून, त्या पोरसवदा मास्तरापुढं.

"नियम मला पाठ आहे," ते म्हणाले. "तो मी तीस वर्षं पाळला आणि पुष्कळांना रडवलं. पण उशीर ह्या मुलींनी केलेला नाही, मी केलाय. ह्यांची गाडी धडधाकट होती. माझ्या सांगण्यावरून ती उघडली. काय शिक्षा असेल ती मला कर बाबा. ह्यांना आत घे."

मास्तर आत पळत गेला. केंद्रप्रमुखांशी काय बोलला कोण जाणे, परत आला आणि कडी काढली. पोरी पळाल्या. एकीची चप्पल गेटातच राहिली, ती अनवाणी गेली.

मग आम्ही सगळे कुंपणाच्या सावलीला बसलो. सर एकटेच लांब उभे राहिले, गेटकडं तोंड करून. जीपवाला सांगत होता, "रोडच्या मधी हुबे ऱ्हायले हो, दोनी हात पसरून. समदी वऱ्हाडाची वाहनं, कोन थांबतंय? एक ट्रकवाला तर आई-बहिनीवरनं बोलला. शेवटी टेम्पोवाला थांबला. पर त्येला गावागावाला दूध घ्यायचं होतं, म्हनून येळ झाला."

"टेम्पोचं तेल बघितलं का नाही?" ह्यांनी हसत विचारलं.

"छ्या! नुस्तं म्हनले, पोरींना पोचीव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं. ह्या माणसाची इतकी वर्षं चेष्टा केली, पुढंही केली, पण त्या दिवशी मला त्यांची माया आली, अगदी पोटातून. मी थर्मासमधला चहा घेऊन गेले. त्यांनी मान हलवली. पेपर सुटेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

पेपर सुटला. पोरी बाहेर आल्या. जीपवाल्याची थोरली बापाकडं न जाता सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिली. सर तिच्या तोंडाकडं बघत राहिले. विचारायचा धीर होत नव्हता त्यांना.

"शेवटचं गणित ऱ्हायलं सर," ती म्हणाली. "येत हुतं. येळ पुरला न्हाई."

"मी चुकलो गं पोरी," सर म्हणाले. "माझं चुकलं. तुझ्या बापाला मी एक शब्द बोलू दिला नाही."

पोरीनं पॅड काखेत मारलं, पदर खोचतात तशी ओढणी खोचली.

"ते जाऊ द्या. परवा भूमितीचा पेपर हाय. तवर जीप जोडून ठेवा. आन् आता आमचे आप्पा काय सांगत्यात ते आधी ऐका, मग काय खोलायचं ते खोला. कळलं का?"

सर दोन्ही हात बाजूला सोडून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हो बाई."